भित्यापाठीं ब्रह्मराक्षस

“भित्यापाठीं ब्रह्मराक्षस” ही म्हण लहानपणापासून आपल्या कानांवर पडत असते. जो भितो त्याच्याच मागें भय लागतें, हा तिचा रूढ अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यांतील ‘पाठीं’ हा शब्द आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. राक्षस समोर येऊन उभा राहता, तर मनुष्यानें त्यास निरखून पाहिलें असतें. त्याचे दांत मोजले असते, आणि प्रसंगीं त्याच्याशीं दोन हातहि केले असते. तो पाठीमागें आहे आणि दिसत नाहीं, म्हणूनच तो ब्रह्मराक्षस होतो. भयपटांच्या जाहिरातीच्या झलकी, ज्यांस सर्वत्र ट्रेलर म्हणतात, त्या तयार करणाऱ्या मंडळींनीं या म्हणींतील मर्म पुरतें ओळखलें आहे.

ट्रेलर म्हणजे दोन-अडीच मिनिटांचा नमुना. पूर्वीं तो चित्रपटगृहांत मुख्य खेळाच्या आधीं दिसे, व तिकीट काढून आंत गेलेल्यासच त्याचें दर्शन घडे. आतां तो मोबाइलवर न बोलावतां येतो आणि निजावयाच्या वेळीं अंथरुणांतहि शिरतो. रिद्धपुरासारख्या गांवीं राहणाऱ्यांस दर नव्या चित्रपटासाठीं अमरावतीची वाट धरणें साधत नाहीं. म्हणून ज्यांनीं चित्रपट पाहिला नाहीं पण ट्रेलर पाहिला, अशी मंडळी येथें पुष्कळ आढळतात. यास्तव चित्रपटाहूनहि ट्रेलरचा विचार आधीं करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: ट्रेलरमधील भय हें भुताचें नसून मांडणीचें असतें, ती मांडणी ओळखावयास प्रत्येक विद्यार्थ्यानें शिकावें, आणि त्या मांडणींत भुताच्या जागीं ज्या माणसांस उभें केलें जातें, त्यांच्या वतीनें कोणीतरी बोलावें.

प्रथम मांडणी पाहूं. अशा झलकी आम्हीं एकदां ध्वनीसह व एकदां ध्वनि बंद करून पाहिल्या, आणि वाचकांसहि तसें करण्याची आमची शिफारस आहे. ध्वनि थांबला कीं निम्मी भीति ओसरते. उरलेली निम्मी कशाची बनली आहे हें मग डोळ्यांस स्वच्छ दिसूं लागतें. ती चार-पांच ठराविक दृश्यसंकेतांची बनलेली असते.

पहिला संकेत उजेडाचा. अंधार पुष्कळ आणि दिवा एकच. कंदील, मेणबत्ती किंवा हातांतील बॅटरी. आपल्या वेदान्तांत दोरीवर सापाचा भास होण्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. पूर्ण काळोखांत दोरी दिसतच नाहीं, म्हणून तिचा साप होत नाहीं; लख्ख उजेडांत दोरी ही दोरीच राहते; साप निर्माण होतो तो अंधुक उजेडांत. ट्रेलर करणारा कारागीर हा अंधुक उजेड मोजून-मापून पुरवितो, आणि साप मात्र ज्याचा त्यानें आपल्या मनांतून आणावा अशी सोय करून ठेवतो.

दुसरा संकेत रिकाम्या जागेचा. पात्रास चौकटीच्या एका कडेला उभें करतात आणि त्याच्या पाठीमागील सारी जागा मोकळी सोडतात. तेथें किलकिलें दार असतें, काळोखा जिना असतो, किंवा एखादा आरसा असतो. पात्र पुढें पाहत असतें. आपण मात्र त्याच्या खांद्यावरून मागें पाहत राहतों. जागा रिकामी ठेवली म्हणजे कोणीतरी येणार, असें डोळा आपल्या आपणच ठरवितो. ‘पाठीं’ या शब्दाचें महत्त्व तें हेंच.

तिसरा संकेत झांकलेल्या चेहऱ्याचा. समोरचा मनुष्य स्नेही आहे कीं वैरी, हें आपण त्याच्या चेहऱ्यावरून ताडतों. तो चेहराच दिसूं दिला नाहीं, तर मन अडखळतें व वाईटाकडे झुकतें. पाठमोरी बसलेली स्त्री, अथवा मोकळ्या केंसांनीं मुख झांकलेली आकृति, हीं दृश्यें याच कारणानें पुनःपुन्हां येतात. १९९८ सालच्या ‘रिंगू’ या जपानी चित्रपटांत विहिरींतून वर येणाऱ्या अशा आकृतीनें जगभर धडकी भरविली, आणि तेव्हांपासून लांब केंस व विहीर यांची जोडी देशोदेशींच्या पडद्यांवर फिरत आहे.

चौथा संकेत निरागस वस्तूचा. रिकामा हलणारा झोपाळा, कोपऱ्यांत बसविलेली बाहुली, मध्यरात्रीं ऐकूं येणारें बालगीत. वस्तु ओळखीची पण वेळ भलतीच, एवढ्या विसंगतीवर सारें काम भागतें.

पांचवा संकेत गतीचा. झलकेचा आरंभ संथ असतो. नवें घर, सुखी कुटुंब, दुपारचें ऊन. मग दृश्यें तुटक होऊं लागतात आणि मधून मधून पडदा अगदीं काळा केला जातो. त्या काळ्या क्षणीं दाखविणारा कांहींच दाखवीत नाहीं. चित्र आपण रंगवितों. शेवटीं क्षणभर शांतता, आणि मग एकाएकीं मोठ्या आवाजासह अंगावर येणारा चेहरा. चित्रपटाचें नांव झळकलें म्हणजे संपलें असें समजून आपण सैल बसतों, तोंच नांवानंतर आणखी एक धक्का दिला जातो. हा धक्का आणि भय यांत मोठें अंतर आहे. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन चित्रपटांत रात्रीं एकटी चालणारी तरुणी कोणाच्या तरी पाठलागानें घाबरते; प्रेक्षकहि श्वास रोखून बसतात; आणि एकदम फुत्कार करीत चौकटींत शिरते ती एक साधी प्रवासी बस! प्रेक्षक मात्र खुर्चींतून उडतात. स्वयंपाकघरांत परात पडली तरी आपण असेच दचकतों, पण परातींत भूत आहे असें कोणी म्हणत नाहीं. दचकणें हा शरीराचा धर्म आहे. तो भुताचा पुरावा नव्हे.

या विद्येंतील खरे उस्ताद फारच थोडें दाखवितात. १९६० सालीं ‘सायको’ या चित्रपटाच्या सहा मिनिटांहून लांब ट्रेलरांत दिग्दर्शक हिचकॉक स्वतः एखाद्या वाटाड्यासारखा प्रेक्षकांस रिकामें घर दाखवीत हिंडतो, येथें काय घडलें तें अर्धवट सांगतो, आणि अखेर न्हाणीघराचा पडदा सारतांच एक किंकाळी ऐकूं येते. १९८० सालच्या ‘द शायनिंग’च्या झलकेंत तर न हलणारा कॅमेरा, बंद लिफ्टचीं दारें, आणि त्यांतून लोटणारा रक्ताचा पूर, एवढें एकच दृश्य आहे. दोन्हींत भूत म्हणून कोणीहि नाहीं.

हे सारे संकेत परदेशांतून आले असें मात्र कोणी समजूं नये. भरताच्या नाट्यशास्त्रांत भयानक रसाचीं कारणें सांगतांना ओसाड घर, अरण्य, कोल्ह्यांची ओरड व घुबडें यांची गणना केली आहे, आणि त्या रसाचा वर्ण काळा सांगितला आहे. आजचा कोणताहि ट्रेलर काढून पाहावा. ती यादी अजून जशीच्या तशी चालू आहे. यंत्र मात्र नवें मिळालें. १९२० ची ‘कॅलिगारी’ व १९२२ ची ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटांनीं भिंतीवर पडणाऱ्या लांब सावलीस जणूं पात्राचा दर्जा दिला. त्याच जर्मनींतून आलेला जोसेफ विर्शिंग हा छायालेखक १९३४ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजमध्यें काम करीत होता, आणि १९४९ सालीं कमाल अमरोही यांच्या ‘महल’ चित्रपटाचें छायालेखन त्यानेंच केलें. ओसाड वाडा, हलणारा झोपाळा आणि दिसून नाहींशी होणारी स्त्री, हें आपल्याकडील भयपटांचें भांडवल तेथून पुढें पिढ्यान्‌पिढ्या पुरलें. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून रामसे बंधूंनीं तेंच भांडवल स्वस्त दरानें खेडोपाडीं पोंचविलें. अलीकडे २०१८ सालच्या ‘तुंबाड’मध्यें दिग्दर्शक राही अनिल बर्वे व छायालेखक पंकज कुमार यांनीं कोंकणचा न थांबणारा पाऊस, जुना वाडा आणि हातांतील दिवा यांच्या साह्यानें भयाचें असें कांहीं चित्र उभें केलें, कीं तो चित्रपट २०२४ सालीं पुन्हां प्रदर्शित झाला तेव्हांहि लोकांनीं त्यास गर्दी केली.

येथवर आमची तक्रार कांहींच नाहीं. कोणी म्हणेल, मग ही सारी निर्मळ करमणूक आहे. तिच्यावर लेख कशाला? करमणूक आहे यांत संशय नाहीं. सुरक्षित जागीं बसून भिण्यांत एक सुख आहे, आणि आपल्या पूर्वजांनीं भयास रसांत स्थान दिलें तें उगीच नव्हे. आजीच्या गोष्टींतील हडळ आणि पिंपळावरचा मुंजा यांनीं कोणाचें बालपण बिघडलें असें आम्हांस वाटत नाहीं; त्याच मुंजाची गोष्ट २०२४ सालच्या ‘मुंज्या’ चित्रपटानें हंसत-खेळत सांगितली व ती लोकांस आवडली. परंतु अंधार, दार आणि झोपाळा हे संकेत वस्तूंचे आहेत. वस्तूंस अब्रू नसते. कांहीं संकेत मात्र माणसांचे आहेत, आणि आमचा प्रश्न तेथें सुरू होतो.

भीति दाखवावयाची असली म्हणजे ट्रेलरांत कोण येतें? सुरकुतलेली म्हातारी. पांढऱ्या लुगड्यांतील विधवा. केंस मोकळे सोडलेली बाई. भाजलेल्या वा विद्रूप चेहऱ्याचा मनुष्य. स्वतःशींच बोलणारा वेडा. हीं माणसें तेथें कां निवडलीं जातात? कारण त्यांच्याविषयीं समाजाच्या मनांत आधींच संशयाची ठिणगी असते, आणि अडीच मिनिटांत काम उरकावयाचें असल्यानें कारागीरास नवी आग पेटविण्यास सवड नसते. तो तयार ठिणगीवर फुंकर घालतो.

ही ठिणगी केवळ पडद्यावर राहती तर बोलावें लागलें नसतें. २०२४ च्या डिसेंबरअखेर आमच्याच अमरावती जिल्ह्यांत, मेळघाटांतील एका गांवीं, ७७ वर्षांच्या एका वृद्धेस जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली व तिची धिंड काढली गेली, हें वृत्त पुढील जानेवारींत सर्व महाराष्ट्रानें वाचलें. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हां अकरा वर्षें लोटलीं होतीं. त्या कायद्यासाठीं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघून त्याच वर्षीं कायदा संमत झाला, हा इतिहास ताजा आहे. त्या वृद्धेच्या छळास एखादा ट्रेलर कारण झाला असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. अंधश्रद्धेचें वय सिनेमाहून पुष्कळ मोठें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या जिल्ह्यांत एकट्या म्हातारीकडे बोट दाखविणारे हात अजून खालीं आलेले नाहींत, तेथें तोच चेहरा रोज शंभरदां भय म्हणून दाखविणें हें निर्दोष काम नव्हे.

यावर चित्रपटाचे कैवारी एक उत्तर देतील, आणि तें विचारांत घेण्यासारखें आहे. ते म्हणतील, आमचा चित्रपट पुरा पाहा. ‘महल’मधील छायारूप स्त्री अखेर भूत नसून माळ्याची मुलगी ठरते. विशाल फुरिया यांच्या २०१७ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटांत उंसाच्या फडांत जें भय दडलें आहे, त्याचें मूळ मुलींचा जीव घेणाऱ्या रूढींत आहे. भुतांहून तेथें माणसेंच भयंकर ठरतात. ‘तुंबाड’ची तर शिकवणच लोभाविरुद्ध आहे. हें सर्व खरें आहे. उत्तम भयपट बहुधा शेवटीं भुताची बाजू ऐकून घेतो, आणि प्रेक्षकास घरीं जातांना विचार करावयास लावतो. परंतु ट्रेलर काय करतो? ‘तुंबाड’मधील लोभाचा बोध तो अडीच मिनिटांत देऊं शकत नाहीं, सांखळदंडानें बांधलेल्या म्हातारीचें नुसतें दर्शन मात्र डोळ्यांत रुतून बसतें. चित्रपट जो खुलासा करतो, तो ट्रेलरनें करावयाचाच नसतो. खुलासा झाला तर तिकीट कोण काढील? म्हणजे ज्यानें चित्रपट पाहिला त्यास आरोप व निकाल दोन्ही कळले. ज्यानें नुसता ट्रेलर पाहिला त्याच्या पदरीं आरोप तेवढा पडला. आणि नुसता ट्रेलर पाहणारेच पुष्कळ, हें आम्हीं आरंभींच सांगितलें.

या बाबतींत रिद्धपूरकरांस बोलण्याचा विशेष अधिकार आहे असें आम्ही नम्रपणें म्हणतों. ज्या गोविंदप्रभूंमुळें या गांवाचें नांव महाराष्ट्रभर झालें, त्यांचें वागणें लोकरीतीस सोडून होतें, आणि पाहणाऱ्यांस तें वेडेपण वाटे. तरी तेराव्या शतकांतील या गांवानें त्यांस दगड मारून हांकलून दिलें नाहीं. त्यांस आईबाप मानलें. महदाइसा बालविधवा होती. आजच्या झलकेंत तिला पांढरें वस्त्र देऊन अंधाऱ्या कोपऱ्यांत बसविलें असतें. त्याच महदाइसेनें येथें धवळे गाइले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचें नांव आज घेतलें जातें. विहीर म्हटली कीं आतां मुलांच्या डोळ्यांपुढें केंस मोकळे सोडलेली आकृति येते. परंतु मातंगांस पाणी मिळत नव्हतें तेव्हां गोविंदप्रभूंनीं जागा दाखवून त्यांच्यासाठीं विहीर खणविली, अशी येथील लीळा आहे. वेडा, विधवा आणि विहीर, हे तिन्ही भयाचे संकेत. आणि तिन्हींचा अर्थ या गांवानें सातशें वर्षांपूर्वींच उलटा लावून दाखविला. लीळाचरित्रासारखा आद्य गद्यग्रंथ जेथें सिद्ध झाला व जेथें आतां मराठी भाषेचें विद्यापीठ उभें राहिलें आहे, तेथल्या मुलांनीं आपल्या विहिरीचा अर्थ परक्या पडद्याकडून शिकावा, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

मग उपाय कोणता? बंदीचा उपाय आम्ही सुचवीत नाहीं. चित्रपटगृहांत दाखवावयाच्या ट्रेलरासहि परिनिरीक्षण मंडळाचें प्रमाणपत्र लागतें, आणि २०२३ सालच्या दुरुस्तीनें सात, तेरा व सोळा अशा वयांच्या पायऱ्याहि ठरल्या आहेत. परंतु मोबाइलवर येणाऱ्या ट्रेलरास त्या प्रमाणपत्राची अट नाहीं, आणि घरोघरच्या मोबाइलवर पहारा बसविणें कोणास शक्य नाहीं. पहारा बसवावयाचा तो पाहणाऱ्याच्याच मनांत बसविला पाहिजे. वर्गांत ज्याप्रमाणें कवितेंतील अलंकार ओळखावयास शिकवितात, त्याप्रमाणें शिक्षकांनीं वर्षांतून एखादा तास अशी एक झलक घेऊन ती उलगडून दाखवावी. दिवा कोठें ठेवला, मोकळी जागा कोणत्या बाजूस सोडली, पडदा किती वेळां काळा झाला, हें मुलांनीं वहींत लिहावें. ज्यानें एकदां असें मोजलें, त्यास रात्रीं पाण्यासाठीं उठतांना दिवा लावून शेजारी कोणास जागें करावें लागणार नाहीं. आणि रसहि नाहींसा होणार नाहीं. जादूगाराची हातचलाखी ओळखणाराच त्याच्या कौशल्यास मनापासून दाद देतो.

हें मोजून झाल्यावर प्रत्येकानें एक प्रश्न आणखी विचारावा: येथें भुताच्या जागीं कोणास उभें केलें आहे, आणि तसा मनुष्य आपल्या गल्लींत कोण आहे? हा प्रश्न विचारावयास पैसे पडत नाहींत कीं विद्वत्ता लागत नाहीं. भयपट काढणाऱ्यांसहि आमची विनंति आहे कीं, पाऊस, अंधार, दार, सावली आणि माणसाचा लोभ एवढें विपुल साहित्य हाताशीं असतां, निराधारांच्या चेहऱ्यांवर त्यांनीं आपली दुकानदारी चालवूं नये. हिचकॉकास एक रिकामें घर पुरलें. आमच्या गुणी कलावंतांसहि तें पुरावें.

ब्रह्मराक्षस पाठीं असतो तोंवरच त्याचें राज्य चालतें. वळून पाहणारापुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. आमच्या विद्यार्थी मित्रांनीं वळून पाहण्याची संवय लावून घ्यावी. आणि वळून पाहतां तेथें शेजारची एखादी एकटी म्हातारी उभी असेल, तर तिला ओसरीवर बसवून पाण्याचा तांब्या पुढें करावा. आमच्या गांवची रीत ती हीच आहे.